कानातले

उशीवर कूस बदलली
आणि खिडकी छतावर गेली.
मग छत खाली, खिडकी पुन्हा वर,
वॉकलीचा अख्खा चढ
घरांसकट, कुंपणांसकट, शेजाऱ्यांच्या कचरापेट्यांसकट
माझ्याभोवती दळण दळायला बसला.
पहाटेचे सव्वाचार.
पलंगाची कड धरून मी स्वतःला म्हटलं,
हेमांगी, तू बिल्डिंग इन्स्पेक्टर आहेस.

एकवीस वर्षं शेफील्डच्या भिंती तपासतेय.
ओळंबा सोडायचा, पाणसळ ठेवायची,
बुडबुडा मधोमध आला की सही.
जरा ढळला तर सहा फुटी गवंड्यालाही सांगितलंय,
पाड, पुन्हा बांध.
कुरकुरले, पण पाडलं.
आता तो बुडबुडाच माझ्या डोक्यात
आणि कुठे थांबायचं नाव नाही.

डॉक्टर पोरसवदा, माझ्या लेकीच्या वयाचा.
शेवटची पाळी कधी, त्यानं विचारलं
कॉम्प्युटरकडे बघत.
मागच्या मार्चमध्ये. नाही, त्याच्या आधीच्या.
चाळीस वर्षं कॅलेंडरवर फुल्या मारल्या
आणि गेली ती न सांगता,
बदली झालेल्या पोस्टमनसारखी.
कालची खेप शेवटची होती
हे नंतर कळतं.

मग म्हणाला, कानात आत बारीक खडे असतात,
तोल सांभाळणारे.
या वयात कधी कधी निसटतात.

मला हसू फुटलं.
त्याला कसं सांगू, माझ्या भाषेत
कानालाही पाळी असते,
ती अजून आहे.
आणि कुडी म्हणजे कानातली, मोत्यांची,
आणि कुडी म्हणजे हीसुद्धा, हाडामासाची,
जिला जानेवारीत घाम फुटतो,
जिच्यासाठी मी रात्री खिडकी उघडते
आणि यशोधन दुलईत मुटकुळं करून
काहीही न बोलण्याचा पराक्रम करतो.

आईच्या एका कुडीतला लाल खडा पडला होता,
मावसभावाच्या मुंजीत.
साऱ्या बायका ओणव्या.
सतरंजीच्या घड्या, अक्षतांचं तबक, चपलांचा ढीग.
नाहीच सापडला.
पुढे तीस वर्षं तिनं तशीच घातली.
फोटोत तो कान भिंतीकडे.

डोकं जड झालंय गं, म्हणायची
आणि ओट्याला धरून उभी राहायची.
आम्ही म्हणायचो, आई, भूक लागली.

फिजिओचं नाव डेनीज. हात गार, साबणाचा वास.
माझं डोकं तिच्या तळव्यांत.
झटकन मागे. डावीकडे. थांब.
डोळे मिटू नकोस, लव्ह, माझ्या नाकाकडे बघ.
नाक फिरलं, चष्मा फिरला,
कोपऱ्यातला प्लास्टिकचा सापळा
माझ्यापेक्षा ताठ उभा.
ओकारी आली तसा तिनं पुठ्ठ्याचा वाडगा पुढे केला.
मलाही झालं होतं पन्नाशीत, म्हणाली,
भर सुपरमार्केटात.
चीजच्या फ्रिजला मिठी मारून बसले
आणि एक बाई विचारते,
चेडर संपलंय का?

आता मी हप्त्यांनी उठते.
आधी कोपर. मग बसणं.
मग पावलं गालिच्यावर, आणि वीस आकडे,
मराठीतून, कारण इंग्रजी आकडे घाईत असतात.
वरच्या फळीवरचे डबे खाली आले.
गाडीची किल्ली यशोधनकडे.
चढावर रस्त्याकडेचा लोखंडी कठडा धरते,
जो इतकी वर्षं
म्हाताऱ्यांसाठी आहे असं वाटायचं.
काही सकाळी काहीच होत नाही.
त्या सकाळी जास्त भीती वाटते.

काल हिल्सबरोला नवी भिंत बघायला गेले.
मान वर करताच आभाळ घसरलं,
परांचीची नळी हातात आली म्हणून वाचले.
कीथ गवंडी, तोच, ज्याची भिंत मी
दोनदा पाडायला लावली होती,
चहाचा मग खाली ठेवून शेजारी येऊन उभा राहिला.
हात नाही लावला. फक्त उभा राहिला,
पडलीच तर त्याच्याकडे पडेन अशा बेतानं.
सरळ आहे का, त्यानं विचारलं.

म्हटलं, थांब जरा.
बुडबुडा थांबू दे.